पाळीची तारीख आधी, सुई नंतर: हार्मोन्सच्या रक्ततपासणीला पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्यांसाठी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये माय-लेकी येतात. लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली लेक माहेरी आलेली असते, गल्लीत झोके बांधलेले असतात, आणि एखाद्या सकाळी ऊन चढायच्या आत आई तिला घेऊन रिक्षातून उतरते. डॉक्टरांची चिठ्ठी चार घड्या घालून पाकिटात ठेवलेली. "पोरीचं काय असेल ते सगळं तपासून टाका बाई." मी विचारते, पाळी कधी आली होती? दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. मी विचारते, जावई आलेत का सोबत? आई म्हणते, त्यांचं काय काम?

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अठरा वर्षं रक्त काढतेय. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या कितीतरी जणींचा पहिला फेरा याच दोन प्रश्नांवर वाया गेलेला मी पाहिलाय. एस.टी.चं भाडं गेलं, दिवसाची मजुरी बुडाली, सासरी काहीतरी कारण सांगावं लागलं, आणि हाती आला तो चुकीच्या दिवशी काढलेल्या रक्ताचा आकडा. म्हणून हे लिहितेय. औषधोपचार डॉक्टर ठरवतील. रक्त द्यायला येण्याआधी काय करायचं आणि रिपोर्ट हातात पडल्यावर काय बघायचं, तेवढं मी सांगते.

तपासणीची वेळ झाली आहे का?

बाईचं वय 35 च्या आत असेल, पाळी दर महिन्याला येत असेल आणि वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस गेले नसतील, तर तपासणी सुरू करावी. वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिने पुरे. चाळिशी गाठली असेल तर थांबूच नये.

हे 'वर्षभर' नीट मोजा. आमच्या भागातले कितीतरी नवरे सुरतला, पुण्याला कामाला असतात आणि महिन्यातून दोन दिवस गावी येतात. लग्नाला दोन वर्षं झाली म्हणजे प्रयत्नाला दोन वर्षं झाली असं होत नाही. बीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या 14 दिवस आधी सुटतं. तो दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, एवढ्याच काळात गर्भ राहू शकतो. ते सहा दिवस नवरा सुरतेत असेल तर बायकोच्या रक्तात दोष शोधून काय मिळणार?

उलट काहींनी वर्ष संपायची वाट बघू नये. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नसेल, पाळीत अंथरूण धरावं लागेल इतकं दुखत असेल, पूर्वी टीबी झाला असेल किंवा ओटीपोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर लगेच डॉक्टरांना भेटा. नवऱ्याचं अंडकोषाचं ऑपरेशन झालं असेल, लहानपणी अंडकोष खाली उतरले नसतील, वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोष सुजले असतील, तरीही लगेच.

आणि पाळी लांबली म्हणून तपासणीला येत असाल तर आधी घरी लघवीची गर्भचाचणी करा. पाळी येण्याची गोळी त्यानंतरची गोष्ट. हार्मोन्सची चिठ्ठी घेऊन आलेली बाई मुळात गरोदरच निघाली, असं माझ्यासमोर एकदा नाही, अनेकदा झालंय.

कॅलेंडरवर खूण करा

पाळीचा पहिला दिवस कोणता? पॅड किंवा कापड घ्यावं लागेल असा रक्तस्राव ज्या दिवशी सुरू झाला, तो पहिला. त्याआधी एक-दोन दिवस नुसते तपकिरी डाग पडत असतील तर ते मोजायचे नाहीत. रात्री उशिरा, दहा-अकराला सुरू झाली तर दुसरा दिवस पहिला धरायचा असं बरेच डॉक्टर सांगतात. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

घरात भिंतीवर जे कॅलेंडर असेल त्यावर त्या दिवसाला पेनाने गोल करा. मोबाईलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण लिहा. किमान मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा हाताशी हव्यात. 'मागच्या महिन्यात, पोळ्याच्या आसपास' एवढ्यावर आमचं काम चालत नाही.

इथे आमच्याकडची एक खास अडचण सांगते. श्रावणात कानबाई देवी बसते, रोट असतात, घरात पाळी नको म्हणून बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. लग्नसराईतही तेच. त्या गोळीतही हार्मोनच असतं. ती घेतलेल्या महिन्याचं सगळं गणित मोडतं. गोळी थांबवल्यावर जो रक्तस्राव होतो तो नेहमीच्या पाळीसारखा धरता येत नाही. गोळी घेतली असेल तर लाजू नका, सांगा. बहुतेक वेळा डॉक्टर पुढच्या पाळीपर्यंत थांबायला सांगतात. पाळणा लांबवायच्या गोळ्या किंवा पीसीओएससाठी (हार्मोन बिघडून पाळी लांबण्याचा त्रास) दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तरी आकडे खरे दिसत नाहीत. त्या स्वतःहून बंद करू नका, पण चालू आहेत हे आम्हालाही सांगा आणि डॉक्टरांनाही.

कोणतं रक्त कोणत्या दिवशी

चिठ्ठीवर चार-पाच नावं असतात आणि ती सगळी एकाच दिवशी होतील असं वाटतं. तसं होत नाही.

पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी एफएसएच, एलएच (बीज सुटायला लावणारं हार्मोन) आणि एस्ट्रॅडिऑल (अंडाशयातून निघणारं हार्मोन). एफएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून निघतं आणि अंडाशयाला बीज वाढवायला सांगतं. अंडाशयात बीजं भरपूर असली की हळू सांगून भागतं, आकडा कमी राहतो. बीजं संपत आली की पिट्युटरीला ओरडून सांगावं लागतं, आकडा चढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो साधारण 10 च्या आत असावा. पण एफएसएच एकटं वाचायचं नसतं. त्याच नळीतलं एस्ट्रॅडिऑल जास्त असेल, म्हणजे 80 पिकोग्रॅमच्या वर, तर ते एफएसएचला दाबून ठेवतं आणि वाईट आकडा चांगला दिसतो. म्हणून कोणी म्हणालं 'नुसतं एफएसएच करा, पैसे वाचतील', तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऐकू नका. याच दिवसांत बहुतेक डॉक्टर आतून सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतले बारीक फोड (यांतच बीजं असतात) मोजतात. त्यामुळे रक्त आणि सोनोग्राफी एका फेरीत होईल अशी वेळ घ्या. पाळी चालू असताना सोनोग्राफी कशी, हा संकोच प्रत्येकीला वाटतो. करणाऱ्या डॉक्टरांसाठी तो रोजचा भाग असतो.

एएमएच, म्हणजे शिल्लक बीजांचा अंदाज देणारं हार्मोन, कोणत्याही दिवशी चालतं, उपाशी पोटाची गरज नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, कारण सगळ्यात जास्त रडणं त्याच कागदावर होतं.

टीएसएच म्हणजे थायरॉईड, तेही कधीही. थायरॉईडची गोळी चालू असेल तर त्या सकाळी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. नेहमीच्या माणसासाठी टीएसएच 4 च्या आसपास चालून जातं, पण मूल हवं असताना काही डॉक्टर अडीचच्या आत आणायचा प्रयत्न करतात. म्हणून 'रिपोर्टमध्ये तर नॉर्मल लिहिलंय, मग गोळी का दिली' या प्रश्नाचं उत्तर तिथे असतं.

प्रोलॅक्टिन हे अंगावर दूध आणणारं, फार हळवं हार्मोन आहे. झोपेत वाढतं, घाबरल्यावर वाढतं, सुई टोचायच्या भीतीनेही वाढतं. उठल्यावर दोन-तीन तासांनी, उपाशी पोटी, लॅबमध्ये वीस-तीस मिनिटं शांत बसून मग द्यावं. आदल्या रात्री संबंध नकोत, सकाळी पळणं-व्यायाम नको. उलटी-ॲसिडिटीसाठी डॉमपेरिडोन असलेल्या गोळ्या आपल्याकडे शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या जातात, त्यांनीही हा आकडा चढतो. मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही चढतो. थोडंसं वाढलेलं दिसलं तर आधी पुन्हा तपासतात, मग पुढचं.

आता प्रोजेस्टेरॉन. चूक सगळ्यात जास्त इथेच होते, म्हणून थोडं थांबून सांगते. बीज सुटलं की नाही, हे या तपासणीवरून कळतं. चिठ्ठीवर छापील असल्यासारखं 'डे 21' लिहिलेलं असतं. तो 21 वा दिवस फक्त 28 दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईसाठी आहे. खरा नियम असा: पुढची पाळी जेव्हा अपेक्षित आहे त्याच्या सात दिवस आधी. 35 दिवसांनी पाळी येत असेल तर 28 वा दिवस. 40 दिवसांनी येत असेल तर 33 वा. आकडा 3 नॅनोग्रॅमच्या वर आला तर बीज सुटलं असं धरतात.

मी नवीन होते, एका लॅबमध्ये शिकत होते. पारोळ्याकडून एक ताई यायच्या. पाळी 40 दिवसांनी. त्यांचं रक्त 21 व्या दिवशी काढलं, आकडा आला 0.4. 'बीज तयार होत नाही' असा शिक्का बसला आणि त्या सहा महिने बीज वाढायच्या गोळ्या खात राहिल्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी 33 व्या दिवशी रक्त काढायला लावलं तेव्हा आकडा 11 होता. त्यांचं बीज दर महिन्याला सुटत होतं, आम्हीच बारा दिवस आधी दार वाजवत होतो. त्या दिवशी रक्त मी काढलं होतं. पाळी किती दिवसांनी येते हे मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी विचारल्याशिवाय सुई उघडत नाही.

पाळीचा काही भरवसाच नसेल तर डॉक्टर 28 व्या दिवसाच्या सुमारास एकदा आणि मग पाळी येईपर्यंत दर आठवड्याला प्रोजेस्टेरॉन करायला सांगतात.

चेहऱ्यावर दाट केस, खूप मुरमं, पाळी लांबलेली असं असेल तर टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), 17-ओएच प्रोजेस्टेरॉन आणि साखरेच्या तपासण्या जोडल्या जातात. एलएच हे एफएसएचच्या दुप्पट आलं म्हणजे पीसीओएस, असं पूर्वी सर्रास सांगायचे. आता निदान त्यावर होत नाही. पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा आकडा, आणि सोनोग्राफीतलं अंडाशय, या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळाव्या लागतात.

नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात

मूल न होणाऱ्या जोडप्यांमध्ये जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणासोबत असतं. आणि पुरुषाची पहिली तपासणी स्वस्त, बिनसुईची आणि एका दिवसात होणारी आहे. तरीही बाईच्या चार नळ्या रक्ताच्या, एक सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे, कधी दुर्बिणीचं ऑपरेशनसुद्धा होऊन जातं आणि नवऱ्याने लॅबची पायरी चढलेली नसते. मला याचा मनापासून राग येतो आणि तो मी लपवत नाही. चिठ्ठीवर नवऱ्याचं नाव नसेल तर डॉक्टरांना विचारा, 'यांची तपासणी कधी?'

वीर्यतपासणीसाठी दोन ते सात दिवस वीर्य बाहेर गेलेलं नको. लॅबमध्येच नमुना देणं उत्तम. घरून आणायचा असेल तर लॅबने दिलेल्या डबीतच, अंगाशी धरून, एक तासाच्या आत. यावल-रावेरकडून मोटरसायकलच्या डिकीत, मे महिन्याच्या उन्हात आणलेला नमुना तपासून काही उपयोग नाही. साधा निरोधही वापरू नका, त्यातल्या वंगणाने शुक्रजंतू मरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी: वीर्य 1.4 मिली, एका मिलीत 1 कोटी 60 लाख शुक्रजंतू, हालचाल करणारे 42 टक्के, योग्य आकाराचे 4 टक्के. '4 टक्केच चांगले?' म्हणून माणसं हादरतात. 4 टक्के पुरेसे आहेत. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे आज जे दिसतंय ते अडीच महिन्यांपूर्वीच्या तापाचं, दारूचं, उष्णतेचं फळ असू शकतं. रिपोर्ट खराब आला तर तो पुन्हा करतात, साधारण तीन महिन्यांनी. एका कागदावर कोणाला नामर्द ठरवू नका; मूल न होणं आणि पुरुषत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शुक्रजंतू फार कमी असतील तर मग पुरुषाचं रक्त: एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन. टेस्टोस्टेरॉन सकाळी 7 ते 10 मध्ये, उपाशी पोटी. दुपारनंतर ते आपोआप उतरतं. कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी सकाळी पुन्हा. आणि जिममध्ये अंग भरायला इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांनो, ती कशाची आहेत हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शरीर स्वतःचं काम बंद करतं आणि शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात. छाती चाळीस इंच आणि रिपोर्टवर शून्य, असं पंचविशीचं पोर माझ्यासमोर बसून ढसाढसा रडलंय. इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्रजंतू परत येतात, पण कित्येक महिने लागतात.

रक्त द्यायच्या सकाळी

चिठ्ठीत प्रोलॅक्टिन, साखर, इन्सुलिन किंवा पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन असेल तर आठ ते दहा तास काही खाऊ नका. पाणी प्या, भरपूर प्या. पाण्याने काही बिघडत नाही, उलट शीर चटकन सापडते. चहा म्हणजे खाणंच, अर्धा कपसुद्धा. लांबून येणाऱ्यांनी भाकरी-चटणी बांधून आणावी आणि रक्त दिल्यावर लगेच खावी.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर सांगा. तपासणीच्या यंत्रात जी रसायनं असतात त्यातल्या काहींना बायोटिन फसवतं. टीएसएच खोटं कमी, एस्ट्रॅडिऑल खोटं जास्त येऊ शकतं. दोन-तीन दिवस आधी बंद करायला सांगतात.

लॅब निवडताना दोन प्रश्न विचारा. तपासणी इथेच होते की बाहेर जाते? बाहेर जात असेल तर किती वेळात आणि कशात? आमच्याकडे तालुक्याच्या लॅबमधून हार्मोन्स बऱ्याचदा जळगावला, नाशिकला किंवा मुंबईला पाठवली जातात. त्यात वाईट काही नाही, फक्त रक्त गोठल्यावर फिरवून सिरम (वरचं पिवळसर पाणी) वेगळं केलेलं असावं आणि बर्फाच्या पेटीत जावं. भुसावळचा पारा 45 च्या आसपास असताना नळी टेबलावर पडून राहिली तर आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. एनएबीएल मान्यता (लॅबच्या दर्जाची राष्ट्रीय मान्यता) आहे का, हेही विचारायला हरकत नाही. आणि एकदा लॅब धरली की पुढच्या तपासण्या तिथेच करा. यंत्र बदललं की आकडा बदलतो.

पैशांची सोय नसेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. स्त्रीरोग विभागात केसपेपर काढून सुरुवात तिथून करा, आणि कोणत्या तपासण्या तिथेच होतात ते विचारून मगच बाहेर खर्च करा. यादीत एएमएच सगळ्यात महाग असतं.

खुर्चीत बसल्यावर मी दंडाला पट्टा बांधते, मूठ मिटायला सांगते, स्पिरिट वाळू देते आणि मग सुई. पिवळ्या किंवा लाल बुचाची नळी हार्मोन्सला, जांभळी हिमोग्लोबिनला, राखाडी साखरेला. तीन नळ्या बघून शहाद्याकडच्या एक आजी नातसुनेच्या वतीने माझ्यावर डाफरल्या होत्या, "बाई, इतलं रगत कसाले?" तिन्ही नळ्या मिळून दोन चमचे रक्त होतं. तेवढ्याने अशक्तपणा येत नाही. चक्कर येत असेल तर आधीच सांगा, आडवं झोपवून काढता येतं. सुई काढल्यावर कापूस दाबून हात सरळ ठेवा, कोपरात दुमडू नका, म्हणजे काळं-निळं पडत नाही.

आणि नळीवरचं नाव वाचा. तुमच्यासमोर नाव लिहून घ्या, तारीख आणि 'पाळीचा अमुक दिवस' हेही फॉर्मवर लिहायला लावा. एकाच आडनावाच्या चार सुना एका सकाळी येतात आमच्याकडे.

एएमएचचा कागद

अंडाशयातल्या बारीक फोडांमधून हे हार्मोन निघतं, म्हणून शिल्लक बीजांचा अंदाज त्यावरून येतो. वयाबरोबर ते उतरत जातं. 1 नॅनोग्रॅमच्या खाली आलं की कमी म्हणतात, पीसीओएसमध्ये बऱ्याचदा फार जास्त येतं.

पण नीट ऐका. एएमएच बीजांच्या संख्येचा अंदाज देतं, बीजाच्या दर्जाबद्दल बोलत नाही. दर महिन्याला बीज एकच सुटतं. पाळी नियमित असेल तर कमी एएमएच असलेल्या बाईलाही नैसर्गिकरीत्या दिवस जातात. टेस्ट ट्यूब बेबीच्या इंजेक्शनांनी किती बीजं मिळतील याचा अंदाज बांधायला हा आकडा उपयोगी पडतो. 'एएमएच 0.9, आता काही होणार नाही' असं घरात जाहीर करायला तो उपयोगी नाही. वेळ दवडू नये, एवढंच तो सांगतो. सासरी या आकड्यावरून बोलणी खाल्लेल्या मुली मला माहीत आहेत. त्यातल्या दोघींची मुलं आता शाळेत जातात.

एकक बघा. काही लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात, काही पिकोमोलमध्ये. मिलीलिटरमागे 1 नॅनोग्रॅम म्हणजे लिटरमागे सुमारे 7 पिकोमोल. एका लॅबचं 1.5 आणि दुसऱ्या लॅबचं 10.7 हे एकच आहे. 'सहा महिन्यांत सातपट वाढलं' म्हणून पेढे आणलेलं जोडपं मला समजावून परत पाठवावं लागलं होतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

एफएसएच एकदा जास्त आलं म्हणूनही घाबरू नका. डॉक्टर बहुधा ते पुन्हा करून बघतात. रिपोर्टवर उजवीकडे जी 'नॉर्मल' पट्टी छापलेली असते, तिच्यात कधी चार ओळी असतात: पाळीचा पहिला भाग, बीज सुटण्याचा काळ, दुसरा भाग, पाळी गेल्यानंतर. तुमची ओळ कोणती ते तारखेवरून ठरतं. तारीखच माहीत नसेल तर चारही ओळी निरुपयोगी.

रक्तात काय दिसत नाही, आणि काय जरूर बघावं

गर्भनलिका उघड्या आहेत की बंद, हे कुठल्याही रक्ततपासणीत दिसत नाही. त्यासाठी पाळी संपल्यावर औषध सोडून एक्स-रे काढतात. गर्भाशयाच्या टीबीने नळ्या बंद होणं आपल्याकडे बरंच आढळतं, पण टीबीसाठी रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी कोणी सुचवली तर करू नका. भरवसा नसल्यामुळे 2012 मध्येच केंद्र सरकारने तिच्यावर बंदी घातली आहे. टीबीचं निदान गर्भाशयातल्या आवरणाच्या तपासणीवरून आणि बाकीच्या पुराव्यांवरून करतात.

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार मात्र रक्तातच दिसतो, आणि सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, तसंच चोपडा-यावलच्या आदिवासी पाड्यांत तो आहे. बाई किंवा पुरुष नुसता वाहक असेल तर त्याला काहीच त्रास नसतो, म्हणून कळतही नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक वेळी बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मूल व्हावं म्हणून एवढी धडपड करणाऱ्या जोडप्याने ही तपासणी दिवस जायच्या आधीच करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. सिकलसेल असेल तर एचबीए1सी ही तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी फसवू शकते, तेव्हा डॉक्टरांना तसं सांगा. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर आणि रुबेला प्रतिकारशक्ती याही तपासण्या आधी झालेल्या बऱ्या.

फाईल आणि फोन नंबर

सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावा, सर्वांत वर एक साधा कागद: मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा, चालू असलेल्या गोळ्या, दोघांची वयं, प्रयत्न कधीपासून. जळगावच्या डॉक्टरांकडे तीन तास नंबर लावून आत गेल्यावर तुम्हाला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. तो कागद पुढे केला की त्या दहा मिनिटांत कामाचं बोलणं होतं.

शेवटचं म्हणजे, आमच्या काउंटरवर नाव लिहिताना मोबाईल नंबर विचारतात, आणि रिपोर्ट त्याच नंबरच्या व्हॉट्सॲपवर जातो. सवयीने बायका दिराचा किंवा सासऱ्यांचा नंबर सांगतात, कारण घरात तोच पाठ असतो. मग संध्याकाळी तुमचं एएमएच तुमच्या आधी पारावर पोचतं. तुमचा स्वतःचा नंबर द्या. फोन नसेल तर 'रिपोर्ट कोणालाही पाठवू नका, मी येऊन नेईन' असं सांगा आणि ते फॉर्मवर लिहून घ्या. आम्ही तसं लिहून घेतो.